मुक्या पायाची चप्पल

(बल्लारपूर येथे प्रौढांच्या रात्रीच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



दिवसभर कामे करून तुम्ही इथे आलात. कोणी खाणीतून आले, कोणी वावरातून, कोणी चूल आटोपून. आत येताना तुम्ही दारात चपला काढल्या. तुम्ही फळ्याकडे पाहत होता, तेव्हा आम्ही तुमच्या चपला पाहत होतो. रागावू नका. चपला पाहायची आम्हांला खोडच आहे.

एका चपलेची टाच बाहेरच्या अंगाने झिजली आहे. एकीचा अंगठ्याखालचा भाग पार पातळ झाला आहे. एकीचा पट्टा तारेने बांधला आहे. आणि एका जोडीच्या तळाला खिळे ठोकले आहेत. ती खिळ्यांची जोडी ज्या कोणाची असेल, त्याने भाषण संपल्यावर आम्हांला भेटावे. कशाला, ते आता सांगतो.

दारातला राखणदार

रानात चालताना बाभळीचा काटा पायात मोडला तर आपण काय करतो? "आई गं!" म्हणतो आणि खाली बसतो. काटा काढतो. दोन दिवस त्या पायावर भार देत नाही, लंगडत चालतो. तेवढ्यात जखम भरून येते.

दुखणे कोणालाच आवडत नाही. पण दुखणे म्हणजे दारातला कुत्रा आहे. तो भुंकला की झोपमोड होते, आपल्याला राग येतो. पण तो भुंकलाच नाही तर? चोर घरात शिरेल आणि आपण घोरत पडू.

काही माणसांच्या पायातला हा कुत्रा मेलेला असतो. त्यांचा पाय मुका झालेला असतो. काटा मोडला तरी कळत नाही. निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही.

पाय मुका करणारे दोन आजार आपल्याकडे मोठे आहेत. एक कुष्ठरोग. पूर्वी लोक त्याला महारोग म्हणत. दुसरा मधुमेह, म्हणजे साखरेचा आजार. दोन्ही आजार नसा खराब करतात. नस म्हणजे पायातून मेंदूकडे निरोप नेणारी तार. तार तुटली की निरोप बंद.

आता आकडे सांगतो. तुम्ही आता आकडे वाचता, म्हणून सांगतो. २०२३ साली साऱ्या जगात कुष्ठरोगाचे १ लाख ८२ हजारांवर नवे रोगी सापडले. त्यांतले १ लाख ७ हजारांवर एकट्या भारतातले होते. आपले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे या रोगाला जुने ओळखीचे. मधुमेहाचा आकडा तर आणखी मोठा. २०२३ साली छापून आलेल्या मोठ्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेहाची माणसे १० कोटींहून जास्त आहेत. हा आजार शहरातल्या शेठजींचा, असे आता राहिले नाही. तो खेड्यातही आला आहे.

जी लंगडत नाही तिची गोष्ट

आपल्यातलीच एक बाई धरा. नाव कशाला हवे? उन्हाळ्यात ती तेंदूपाने तोडायला जाते. पावसाळ्यात रोवणीला जाते. काही वर्षांपूर्वी तिला कुष्ठरोग झाला होता. तिने औषध पुरे केले. रोग गेला. पण औषधाला उशीर झाला होता, म्हणून उजव्या तळपायातली जाणीव गेली ती गेलीच. औषध जंतू मारते. जुनी मेलेली नस ते परत आणत नाही.

एक दिवस चपलेतला खिळा वर आला. तिच्या पायाला टोचू लागला. तुम्ही-आम्ही असतो तर चार पावलांत चप्पल काढून फेकली असती. ती बाई दिवसभर चालली. संध्याकाळी घरी आली तेव्हा उंबऱ्यावर रक्ताचा डाग दिसला. तिने पायाला चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली. ती लंगडली नाही. दुखतच नव्हते, तर लंगडेल कशी?

घात झाला तो इथेच. ज्याला दुखते तो लंगडतो, म्हणून त्याची जखम भरते. ज्याला दुखत नाही तो जखमेवरच चालतो. जखम खोल जाते, चिघळते, हाडापर्यंत पोचते. मग बोट काढावे लागते. कधी पाय काढावा लागतो. पाय गेला की रोवणी गेली, तेंदू गेला, मजुरी गेली. घराचे चाक निखळले.

पूर्वी लोक म्हणत, "महारोगाने बोटं झडतात." हे खरे नाही. हे खरे नाही असे नीट दाखवून देणाऱ्यांत डॉक्टर पॉल ब्रँड यांचे नाव मोठे आहे. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. जन्म १९१४ सालचा, तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात कामाला आले. त्यांनी रोग्यांचे हातपाय बारकाईने पाहिले. बोटे आपोआप झडत नाहीत. न कळलेल्या जखमा, भाजणे आणि त्यांत झालेला पू यांनी ती झिजत जातात. मग जखम टाळली तर बोट वाचेल. पायापुरते बोलायचे तर चांगल्या चपलेने पाय वाचेल.

वजनाचा हिशेब

आता थोडे गणित करू. पाटी घ्या.

त्या बाईचे वजन ५० किलो धरा. ती एका पायावर उभी आहे. तळपायाची १०० चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकली आहे. ५० ला १०० ने भागा. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अर्धा किलो भार आला. एवढा भार पाय सहज सोसतो.

आता तिचा पाय वाकडा झाला आहे. बोटे आत वळली आहेत, ती नीट टेकत नाहीत. सगळा भार टाचेवर आणि बोटांमागच्या दोन हाडांवर येतो. जमिनीला टेकते ती जागा उरली २० चौरस सेंटिमीटर. ५० ला २० ने भागा. अडीच किलो आले! वजन तेच, बाई तीच, पण त्या जागेवरचा भार पाचपट झाला. आणि माणूस दिवसाला हजारो पावले टाकतो. पावलागणिक त्याच जागेवर घाव. आधी घट्टा होतो. घट्ट्याखाली फोड येतो. फोड फुटला की जखम.

तेव्हा चांगल्या चपलेचे काम काय? भार वाटून देणे. जिथे घाव बसतो तिथली जमीन जरा खाली करायची. जिथे पाय अधांतरी आहे तिथली जमीन वर आणायची. मग साऱ्या तळपायाने मिळून वजन उचलायचे. एकट्या बैलाने बंडी ओढू नये. दोन्ही बैलांच्या मानेवर जू सारखे हवे.

रबराची गादी

ब्रँड यांच्या काळात वेल्लोर आणि जवळच्या करिगिरी इथे अशा पायांसाठी एक खास रबर वापरात आले. त्याच्या पोटात अगदी बारीक बारीक छिद्रे असतात. दाबले की दबते, सोडले की वर येते. त्याला एमसीआर म्हणतात. या रबराची गादी, खाली टणक तळ, मागे टाचेला पट्टा, आणि खिळा एकही नाही. सगळे शिवलेले किंवा चिकटवलेले. आजही कुष्ठरोगाच्या सरकारी कार्यक्रमात मुक्या पायाच्या माणसाला ही एमसीआर चप्पल मोफत देतात. ज्याचा पाय मुका आहे पण आकाराने चांगला आहे, त्याला ही साधी चप्पल पुरते. महागडे काही लागत नाही.

पण पाय वाकडा झाला असेल, बोटे गेली असतील, एका ठिकाणी पुन्हा पुन्हा जखम होत असेल, तर सपाट गादी पुरत नाही. तिथे त्या पायाच्या मापाची गादी लागते. कुठे उंच, कुठे खोल. पूर्वीपासून कुशल कारागीर ती हाताने करतात. प्लास्टरमध्ये पायाचा साचा घेतात, साच्यावर गादी बसवतात, कानशीने घासतात. काम फार चांगले होते. पण असे कारागीर थोडे, आणि ते शहरात. शिवाय जोडी झिजली की पुन्हा पहिल्यापासून साचा, पुन्हा घासणे.

इथे ते नवे यंत्र उपयोगी पडते.

थरावर थर घालणारे यंत्र

वस्तू करायच्या दोन रीती आहेत. आपल्या बल्लारपुरात सागवान येते. सुतार लाकूड तासतो, नको तो भाग काढून टाकतो, उरतो तो पाट. खाली भुसा पडतो. ही झाली काढायची रीत. आता बुरूड टोपली कशी करतो ते आठवा. तो तळ घालतो आणि त्यावर बांबूच्या पट्टीचा वेढा, वेढ्यावर वेढा. टोपली वर चढत जाते. ही झाली घालायची रीत. नवे यंत्र बुरडासारखे काम करते. फक्त बांबूच्या जागी प्लास्टिक.

प्लास्टिकची एक लांब तार रिळाला गुंडाळलेली असते. तिची जाडी साधारण पावणेदोन मिलिमीटर. यंत्र ती तार ओढून घेते, तापवून पातळ करते आणि बारीक तोटीतून बाहेर सोडते. तोटीचे भोक असते अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. चकलीच्या सोऱ्यातून पीठ पडते तसे समजा. तोटी पुढे-मागे, डावी-उजवी फिरते आणि गादीच्या आकाराचा एक थर घालते. थर लगेच थिजतो. मग त्यावर दुसरा. मग तिसरा.

एक थर किती जाड? आपल्या गावाचे नाव कागदामुळे देशभर गेले. त्या कागदाचेच माप घेऊ. लिहायचे दोन कागद एकावर एक ठेवा. तेवढा एक थर. एक सेंटिमीटर जाडीची गादी करायला असे ५० थर लागतात. म्हणून यंत्राला घाई चालत नाही. एका जोडीला कित्येक तास लागतात.

या रीतीच्या यंत्राची कल्पना अमेरिकेतल्या स्कॉट क्रंप नावाच्या गृहस्थांची. १९८८ साली ते आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करत होते. गरम गोंद सोडणाऱ्या पिस्तुलाने त्यांनी थरावर थर देऊन बेडूक केला. तेच काम यंत्राने का करू नये, असे त्यांच्या मनात आले. सुरुवातीला ही यंत्रे फार महाग होती. २००९ साली त्यांचा त्या रीतीवरचा मूळ हक्क संपला. मग इतरही ती करू लागले आणि किंमत खूप उतरली.

पायाचा ठसा

यंत्राला तुमचा पाय कसा कळतो? त्याला पायाचे चित्र द्यावे लागते.

एक रीत अशी. रेघारेघांची रबराची चटई असते. तिच्या रेघांना शाई लावतात आणि खाली कागद ठेवतात. माणूस तिच्यावरून चालत जातो. कागदावर पावलाचा ठसा उठतो. जिथे भार जास्त तिथे ठसा काळाकुट्ट. जिथे भार नाही तिथे कागद कोरा.

तुम्ही आता अंगठा उठवत नाही, सही करता. त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण इथे पावलाचा ठसा द्यावाच लागतो, आणि त्यात कसलीही लाज नाही. मोठमोठ्या साहेबांनाही तो तसाच द्यावा लागतो.

दुसऱ्या रीतीत कॅमेऱ्याने पायाचे चहूबाजूंनी फोटो घेतात. त्यावरून संगणक पायाचा उंचसखल आकार तयार करतो. मग पायांचा जाणकार त्या चित्रावर काम करतो. जखमेच्या जागी खळगा करतो. कमानीखाली उंचवटा देतो. टाचेला वाटी करतो. बोटे गेली असतील तर त्या जागी भरणी देतो, म्हणजे पाय पुढे सरकत नाही.

आणखी एक सोय आहे, आणि ती सर्वांत मोठी. यंत्र गादीच्या पोटात मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी घालते. जाळी दाट केली की ती जागा टणक होते. विरळ केली की मऊ होते. प्लास्टिक एकच, गादी एकच. पण टाचेखाली ती टणक आणि जखमेखाली मऊ करता येते. सपाट रबरात हे होत नाही.

२०२२ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मधुमेहाच्या रोग्यांसाठी अशाच यंत्रावर एक चप्पल केल्याचे जाहीर झाले. तिच्या तळात लहान लहान कमानी आहेत. एखाद्या जागी ठरलेल्यापेक्षा जास्त भार आला की तिथली कमान टकदिशी आत दबते आणि भार शेजारच्या जागेवर जातो. पाय बोलत नाही, तर चप्पलच त्याच्यासाठी बाजूला सरते.

वाट दूर, ठसा जवळ

आमच्या मुलखाला या यंत्राचा खरा फायदा कोणता? भामरागड घ्या. गडचिरोलीहून दीडशे किलोमीटरहून जास्त दूर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की वाट बंद. तिथल्या माणसाने मुक्या, जखमी पायाने शहरात जायचे, माप द्यायचे, परत यायचे, पुन्हा चप्पल आणायला जायचे. एवढ्या चालण्यानेच जखम वाढायची.

ठसा आणि फोटो मात्र मोबाईलवरून शहरात जाऊ शकतात. माणूस घरीच राहतो, पाय विश्रांती घेतो. गादी शहरात होते आणि आरोग्य केंद्रात येते. शिवाय चित्र संगणकात जपून ठेवलेले असते. वर्षाने गादी झिजली तर त्याच चित्रावरून दुसरी होते. पायात काही बदल झाला असेल तर तेवढाच भाग बदलायचा.

हे सगळे होऊ शकते, असे आम्ही म्हणतो. गावोगावी अशी सोय अजून झालेली नाही. पण एखादी सोय आहे हे ज्याला माहीत असते, तोच ती मागतो. म्हणून तुम्हांला सांगून ठेवतो.

यंत्राच्या उणिवा

नव्या वस्तूची नुसती स्तुती करणारा माणूस दुकानदार असतो. आम्ही दुकानदार नाही. म्हणून उणिवाही सांगतो.

पहिली गोष्ट उन्हाची. या यंत्रात पीएलए नावाचे प्लास्टिक पुष्कळ वापरतात. ते मक्यापासून किंवा उसापासून करतात. स्वस्त आहे, वापरायला सोपे आहे. पण साधारण ६० अंश उष्णतेला ते मऊ पडते. आपल्याकडच्या मे महिन्यात डांबरी सडक किती तापते ते तुमच्या टाचांना विचारा. त्या प्लास्टिकचा तुकडा उन्हात राहिला तर वाकडा होईल, आणि वाकडा तुकडा मुक्या पायाला घातक. म्हणून गादीसाठी टीपीयू नावाचे रबरासारखे लवचीक प्लास्टिक वापरावे लागते. पाऊल खाली लोंबत असेल तर ते उचलून धरायला पट्टा लागतो. त्याला पॉलिप्रॉपिलीनसारखे चिवट प्लास्टिक चांगले.

दुसरी गोष्ट थरांची. बांबू उभा लवकर चिरतो, आडवा चिरत नाही. तसेच ही वस्तू थराथरांमध्ये लवकर उकलते. म्हणून भार कुठून येणार ते पाहूनच थर घालावे लागतात. हे ज्याला कळत नाही, त्याने केलेला पट्टा भर वाटेत मोडेल.

तिसरी गोष्ट, यंत्र पूर्ण चप्पल करत नाही. थरांचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यावर मऊ आवरण चिकटवावे लागते. पट्टे लावावे लागतात, खालचा तळ बसवावा लागतो. हे काम कारागिराचे. यंत्र आले म्हणून कारागीर गेला, असे होत नाही. आणि मधेच वीज गेली तर तुकडा वाया जाऊ शकतो, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

जयपूर पायाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी मिळून रबराचा कृत्रिम पाय केला. तो लावून माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, चिखलात काम करतो. परदेशी पायाला हे जमत नव्हते. डॉक्टरला हाडे कळत होती. कारागिराला रबर कळत होते. आणि कसे बसायचे, कुठे चालायचे, हे पाय गमावलेल्या माणसालाच कळत होते. तिघे एकत्र आले तेव्हा पाय झाला. नव्या यंत्राचेही तसेच आहे.

लाजेची किंमत

आता एक अवघड गोष्ट बोलतो.

कित्येक माणसे मोफत मिळालेली एमसीआर चप्पल घरात टांगून ठेवतात आणि साध्या चपलेने, नाही तर अनवाणी बाहेर जातात. का? कारण ती चप्पल पाहून लोक ओळखतात. म्हणतात, "अरे, याला तो रोग आहे." पोरीचे लग्न मोडेल, विहिरीवर कोणी बोलेल, ही भीती. माणूस लाज राखायला जातो आणि पाय गमावून बसतो.

यंत्रावर केलेली गादी चारचौघांसारख्या सँडलच्या आत बसवता येते. बाहेरून काही दिसत नाही. हा मोठा गुण आहे. पण आम्हांला विचाराल तर लपवायची पाळीच येऊ नये.

बल्लारपूरहून चंद्रपूर, भद्रावती करत वरोऱ्याला जा. तिथे आनंदवन आहे. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई थोड्याशा रोग्यांना घेऊन त्या खडकाळ माळावर राहायला गेले. ज्यांना गावांनी हाकलले होते, त्याच माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती पिकवली. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट. ती डोळ्यांसमोर असताना आपण शेजाऱ्याच्या चपलेकडे बोट दाखवावे काय?

कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे ६ महिने किंवा १२ महिने ते घ्यायचे. औषध सुरू झाले की रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती लवकरच जाते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर आशाताईंना दाखवा. लवकर दाखवले तर पाय मुका होण्याआधीच रोग जातो. मग ही चप्पलही नको आणि ते यंत्रही नको.

पाय वाचा

शेवटी रोज करायच्या गोष्टी सांगतो. यांना यंत्र लागत नाही.

रोज रात्री दिव्याजवळ बसा. पाय धुवा, पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मग तळपाय पाहा. वाकून दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, किंवा घरातल्या मुलाला पाहायला सांगा. लाली आहे काय? फोड आहे काय? एखादी जागा हाताला जास्त गरम लागते काय? मुका पाय तोंडाने बोलत नाही, तो या खुणांनी बोलतो.

कुष्ठरोगामुळे पाय कोरडा, भेगाळ झाला असेल तर तो १५-२० मिनिटे साध्या पाण्यात भिजवा, घट्टा हलकेच घासा, वर तेल लावा. जखम असेल तर आधी दवाखान्यात विचारा. मधुमेहाच्या माणसाने मात्र पाय भिजत ठेवू नयेत. नुसते धुऊन कोरडे करावेत. आणि घट्टा ब्लेडने कोणीच कापू नये.

चप्पल घालण्याआधी उलटी करून झटका. आत हात फिरवून पाहा. नवी चप्पल, मग ती हाताची असो की यंत्राची, पहिल्या दिवशी थोडाच वेळ घाला. काढल्यावर पाय पाहा. लाल डाग उठला असेल तर चप्पल परत दाखवा. "एवढी मोफत मिळाली, तक्रार कशी करू?" असे म्हणू नका. पाय तुमचा आहे.

जखम झाली तर पायाला विश्रांती द्या आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. दुखत नाही, हेच तर भ्यायचे कारण आहे.

मंडळी, काही महिन्यांपूर्वी तुम्हांला फळ्यावरची अक्षरे म्हणजे नुसत्या रेघा वाटत होत्या. आज तुम्ही त्या वाचता. पायावरच्या खुणाही तशाच वाचायच्या आहेत. आज घरी गेल्यावर आधी स्वतःचे पाय वाचा. मग म्हाताऱ्या आईचे वाचा, बापाचे वाचा. त्यांनी आजवर तुम्हांला काही सांगितले नसेल. कदाचित त्यांनाही ते कळले नसेल.

आणि ती खिळ्यांची जोडी ज्याची असेल, त्याने जाऊ नये. आम्ही पक्कड आणली आहे. आज खिळे काढून देतो. तळ उद्या शिवून घ्या.

नमस्कार.